एका कॅन्टनला एकच खुर्ची : उलरिख ऑक्सेनबाइनचं प्रकरण, १८५४

६ डिसेंबर १८५४. बर्नमध्ये स्विस संसदेची दोन्ही सभागृहं एकत्र बसली होती. काम होतं सात जणांचं संघीय मंत्रिमंडळ निवडायचं. दर तीन वर्षांनी ही निवडणूक व्हायची, पण १८४८ मध्ये पहिले सात निवडले गेले तेव्हापासून त्यांतल्या एकालाही कुणी हटवलं नव्हतं. त्या दिवशी हटवलं. बर्न कॅन्टनच्या, म्हणजे बर्न या घटक राज्याच्या, जागेची मतं मोजून झाली तेव्हा उलरिख ऑक्सेनबाइन मंत्रिमंडळाबाहेर होता. त्याच्या खुर्चीवर आला याकोब श्टेम्पफ्ली. तोही बर्नचाच, तोही वकील, आठ वर्षांनी धाकटा आणि एके काळी ऑक्सेनबाइनच्याच गटातला.

ज्याला काढलं त्याच्याच अध्यक्षतेखाली सहा वर्षांपूर्वी देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला होता. संसदेच्या खालच्या सभागृहाचा पहिला अध्यक्ष तो, लष्कर खात्याचा पहिला मंत्रीही तोच. त्यानंतर आजवर स्वित्झर्लंडमध्ये पदावरच्या मंत्र्याला संसदेनं पुन्हा निवडून न देण्याचे प्रसंग आणखी तीनच आले : १८७२, २००३ आणि २००७. म्हणजे १८५४ ची ही घटना त्या देशात केवढी मोठी होती ते लक्षात यावं.

या प्रकरणाकडे ‘कृतघ्नपणा’ म्हणून बघायचा मोह होतो. मलाही सुरुवातीला तो झाला. पण कागद नीट लावून पाहिले की वेगळंच दिसतं. ऑक्सेनबाइनला पाडलं ते एका साध्या नियमानं, आणि तो नियम त्याच्याच समितीच्या घटनेत होता.

नीडाउचा वकील

जन्म २४ नोव्हेंबर १८११ चा, बर्न कॅन्टनमधल्या श्वार्झनेग इथला. बाप खानावळ चालवायचा, घोड्यांचा व्यापार करायचा. बर्नमध्ये कायदा शिकून ऑक्सेनबाइननं बीलच्या तळ्याकाठच्या नीडाउ या छोट्या गावात वकिली थाटली. बर्नच्या बोलीत वकिलाला ‘फ्युरश्प्रेख’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्यासाठी बोलणारा. या भागाचं जुनं दुखणं पुराचं. आरे नदीचं पाणी दर काही वर्षांनी शेतं बुडवायचं, दलदल वाढायची, हिवताप यायचा. गावातला डॉक्टर योहान रुडोल्फ श्नायडर या पाण्याचा कायमचा बंदोबस्त व्हावा म्हणून झटत होता. १८४० च्या सुमारास तरुण ऑक्सेनबाइन त्या कामात त्याच्याबरोबर होता. पुढच्या सगळ्या गदारोळात हे काम मागे पडलं, पण संपलं नाही.

तेव्हाचं स्वित्झर्लंड म्हणजे १८१५ च्या कराराने एकत्र बांधलेली २२ कॅन्टन्स. प्रत्येकाचं सैन्य वेगळं, जकात वेगळी, नाणी वेगळी. सगळ्यांची मिळून एक सभा भरायची, टागझाट्सुंग. तिथं प्रत्येक कॅन्टनला एक मत, आणि प्रतिनिधीनं घरून आलेल्या सूचनेप्रमाणेच ते द्यायचं. उदारमतवाद्यांना एक देश हवा होता. कॅथलिक आणि ग्रामीण कॅन्टन्सना आपलं घर आपल्या हातात हवं होतं. १८४१ मध्ये आरगाउनं मठ बंद केले. १८४४ मध्ये ल्युसर्ननं त्याला उत्तर म्हणून जेझुइट पाद्र्यांना शिक्षणासाठी बोलावलं. ठिणगी पडली ती इथं.

मग ऑक्सेनबाइननं जे केलं ते वकिलाला न शोभणारं होतं. ल्युसर्नचं सरकार उलथवण्यासाठी शेजारच्या कॅन्टन्समधून स्वयंसेवकांच्या सशस्त्र टोळ्या निघाल्या. डिसेंबर १८४४ मधल्या पहिल्या चढाईत तो होता, आणि मार्च १८४५ अखेरच्या दुसऱ्या चढाईचं नेतृत्वच त्याच्याकडे होतं. अशा टोळ्यांवर बंदी घालणारा ठराव टागझाट्सुंगनं त्याच महिन्यात केला होता. तरी सुमारे ३,५०० माणसं निघाली.

३१ मार्चच्या संध्याकाळी ते ल्युसर्नच्या वेशीवर पोचले. दिवसभर चाललेली, थकलेली माणसं. समोर शहर. ऑक्सेनबाइननं रात्री हल्ला करायचा नाही असं ठरवलं. अंधार पडला, आणि माघारीची अफवा की भीती कुठून तरी शिरली आणि तुकड्या पांगायला लागल्या. परतीच्या वाटेवर माल्टर्स गावात ल्युसर्नचे लोक दबा धरून बसले होते. एकूण शंभरावर माणसं मेली, सुमारे १,८०० पकडली गेली, आणि त्यांच्या सुटकेसाठी त्यांच्या कॅन्टन्सना मोठी रक्कम मोजावी लागली. ऑक्सेनबाइनचं लष्करातलं पद गेलं. त्याहून मोठा परिणाम वर्षअखेरीस दिसला : ल्युसर्न, उरी, श्वित्स, उन्टरवाल्डेन, त्सुग, फ्रीबूर आणि व्हाले या सात कॅथलिक कॅन्टन्सनी संरक्षणासाठी वेगळी युती केली, झोन्डरबुंड.

म्हणजे ज्या दुफळीशी पुढे देशाला लढावं लागलं, तिला घट्ट करण्यात या वकिलाचा हात होता. हे स्पष्ट म्हणायला हवं, कारण त्याच्या बाजूनं बोलणारे बरेच जण हा भाग पटकन ओलांडून जातात.

बेकायदा चढाईपासून अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत

पराभवानं तो संपायला हवा होता. झालं उलट. बर्नच्या जहाल उदारमतवाद्यांत तो नायक ठरला. १८४६ मध्ये बर्ननं नवी कॅन्टन-घटना केली आणि नव्या सरकारात ऑक्सेनबाइन आला, २६ वर्षांचा श्टेम्पफ्लीही आला. श्टेम्पफ्ली शेतकऱ्याचा मुलगा. कायदा शिकलेला, जर्मन प्राध्यापक विल्हेल्म स्नेलचा विद्यार्थी आणि पुढे जावई. त्याच्या हातात एक गोष्ट होती जी ऑक्सेनबाइनच्या हातात नव्हती : लोकांच्या घरात जाणारं वर्तमानपत्र, ‘बर्नर त्साइटुंग’.

१८४७ मध्ये टागझाट्सुंगचं यजमानपद पाळीनं बर्नकडे आलं, आणि बर्न सरकारचा प्रमुख म्हणून सभेच्या अध्यक्षपदावर ऑक्सेनबाइन बसला. दोन वर्षांपूर्वी ज्यानं त्या सभेचा ठराव मोडला तोच आता तिच्या ठरावांवर सही करणार! व्हिएन्नामध्ये ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटरनिख याला याचा किती संताप आला असेल ते सांगायला नको. जुलैमध्ये सभेनं बहुमतानं झोन्डरबुंड बरखास्त ठरवला. तो ऐकेना, तेव्हा नोव्हेंबरमध्ये बळानं मोडण्याचा निर्णय झाला.

सैन्याची सूत्रं जिनिव्हाच्या आंरी द्युफूरकडे दिली गेली. द्युफूर पुराणमतवादी वळणाचा, सावध, माणसं वाचवणारा. ऑक्सेनबाइन स्वतः अध्यक्षपद बाजूला ठेवून बर्नच्या राखीव तुकडीचा सेनापती म्हणून एन्टलेबूखच्या खोऱ्यातून ल्युसर्नच्या दिशेनं गेला. या वेळी कायदा त्याच्या बाजूला होता. चार आठवड्यांच्या आत युद्ध संपलं. मृतांची संख्या दोन्ही बाजू मिळून दीडशेच्या पुढे गेली नाही.

मला वाटतं, ऑक्सेनबाइन बदलला तो या दोन मोहिमांच्या मधल्या काळात. १८४५ मध्ये त्याला वाटत होतं की हेतू चांगला असला की पुरे. १८४७ मध्ये खुर्चीवर बसून त्यानं पाहिलं की ठराव, बहुमत, नीट दिलेला हुकूम यांनी तेच काम कितीतरी कमी रक्तात होतं. श्टेम्पफ्लीला हा धडा मिळाला नव्हता, कारण त्याचा असा पराभव झालाच नव्हता. पुढच्या फाटाफुटीचं मूळ मी इथं शोधतो.

तेवीस जणांची समिती

१७ फेब्रुवारी १८४८ ला घटनासमितीची पहिली बैठक झाली. २३ सदस्य, अध्यक्ष ऑक्सेनबाइन. मसुदा लिहिण्याचं काम थुरगाउचा योहान कोनराड केर्न आणि वोचा आंरी द्र्युए या दोन वकिलांकडे. आठवडाभरात पॅरिसमध्ये राजा पळाला, मार्चमध्ये मेटरनिखची सत्ता गेली. स्वित्झर्लंडला दटावायला युरोपात कुणाला उसंत उरली नाही. ८ एप्रिलला, म्हणजे जेमतेम सात आठवड्यांत, मसुदा तयार होता.

सगळ्यात अवघड गाठ प्रतिनिधित्वाची. १८५० च्या जनगणनेत बर्नची लोकसंख्या साडेचार लाखांवर भरली, उरीची चौदा-पंधरा हजारांच्या आसपास. लोकसंख्येवर गेलं तर उरी बुडणार. कॅन्टनवर गेलं तर बर्नच्या तीस माणसांची किंमत उरीच्या एका माणसाएवढी. तोडगा अमेरिकेकडे बघून काढला : दोन सभागृहं, एक लोकसंख्येप्रमाणे, दुसऱ्यात प्रत्येक पूर्ण कॅन्टनचे दोन, आणि दोघांची ताकद सारखी. नुकतंच युद्ध हरलेल्या कॅन्टन्सना या तोडग्यानं घरात जागा दिली.

बर्नच्या जहालांना हे पचलं नाही. सगळ्यात मोठं कॅन्टन आपलं, युद्धात राबलो आपण, जकातीचं उत्पन्न सोडायचं आपण, आणि वर उरीला आपल्याएवढेच दोन? श्टेम्पफ्ली या घटनेच्या विरोधात उभा राहिला. एप्रिलमध्ये आणखी एक ठिणगी पडली. ऑस्ट्रियाशी लढणाऱ्या सार्डिनियाच्या राजानं युतीचा हात पुढे केला, जहालांना तो धरायचा होता, टागझाट्सुंगनं तटस्थ राहायचं ठरवलं. अध्यक्षाच्या खुर्चीत ऑक्सेनबाइनच होता. ल्युसर्नवर चालून जाणारा आपला माणूस आता सबुरीच्या बाजूला दिसतो, हे जुन्या सोबत्यांना फितुरीसारखं वाटलं.

१२ सप्टेंबर १८४८ ला घटना लागू झाली. १६ नोव्हेंबरला पहिले सात मंत्री निवडले गेले : झुरिकचा योनास फुरर, बर्नचा ऑक्सेनबाइन, वोचा द्र्युए, सोलोथुर्नचा मुन्त्सिंगर, टिचिनोचा फ्रान्शिनी, आरगाउचा फ्राय-हेरोसे, सांक्ट गालनचा नेफ. यादी वाचताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. सात माणसं, सात कॅन्टन्स. हा योगायोग नव्हे, घटनेतला नियम होता : एका कॅन्टनमधून एकाहून अधिक मंत्री नको.

नियम शहाणपणाचाच. नाहीतर बर्न आणि झुरिक मिळून सगळं गिळतील ही भीती खरी होती. पण त्याचा दुसरा अर्थ असा की बर्नमध्ये ज्याला मंत्री व्हायचं आहे त्याला फुरर किंवा नेफ पडून काही उपयोग नाही. त्याला ऑक्सेनबाइनच पडायला हवा. प्रत्येक मंत्र्याचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्या विरोधी पक्षात नसून त्याच्या गावात असतो, ही व्यवस्था घटनेनं नकळत उभी केली.

दोन कुरणं

मंत्री झाल्यावर ऑक्सेनबाइननं लष्कर खात्यात खरोखर काम केलं. १८५० चा लष्कर-संघटनेचा कायदा त्याच्या कारकिर्दीतला. पण त्या काळात देशातली लढाई त्याच्या खात्यात नव्हती, ती बर्न कॅन्टनमध्ये चालू होती, आणि तो तिथं नव्हता.

२५ मार्च १८५० चं म्युन्सिंगेन गाव डोळ्यांसमोर आणा. गावात दोन खानावळी, एक ‘सिंह’, एक ‘अस्वल’. सिंहाच्या कुरणावर पुराणमतवाद्यांची सभा, अस्वलाच्या कुरणावर जहालांची. एकाच दिवशी, एकाच गावात, हजारोंनी माणसं दोन्हीकडे. गावात पाऊल टाकणाऱ्याला डावीकडे जायचं की उजवीकडे हे ठरवूनच यावं लागलं. मधलं कुरण नव्हतंच. मे महिन्यात पुराणमतवादी जिंकले आणि बुर्गडोर्फचा वकील एदुआर्द ब्लोश सत्तेवर आला. श्टेम्पफ्ली सरकारबाहेर गेला आणि वर्तमानपत्र घेऊन विरोधात बसला.

ऑक्सेनबाइन दोन्हीकडचा नव्हता. जहालांना तो फितूर वाटत होता, आणि ब्लोशच्या माणसांना तो अजूनही १८४५ चा टोळीवाला. त्यानं मधला गट उभा करायचा प्रयत्न केला. दोन बाजू एकमेकींच्या उरावर बसल्या असतील तोवर अशा गटाला मोल असतं, कारण दोघींनाही तो लागतो. पण १८५४ च्या कॅन्टन-निवडणुकीत दोन्ही बाजू जवळजवळ समसमान निघाल्या, आणि कुणाच्या स्वप्नात नव्हतं ते घडलं : ब्लोश आणि श्टेम्पफ्ली एकाच सरकारात बसले. कडव्या वैऱ्यांनी हात मिळवल्यावर मध्यस्थाचं काय काम? माझ्या मते ऑक्सेनबाइनची मंत्रिपदाची खुर्ची त्या उन्हाळ्यातच गेली होती. डिसेंबरमध्ये फक्त मोजणी झाली.

मधे एक पायरी होती, ऑक्टोबरची. तेव्हा प्रथा अशी की मंत्र्यानं आपल्या भागातून आधी खालच्या सभागृहावर निवडून यायचं, मग संसदेनं त्याला पुन्हा मंत्री करायचं आणि त्यानं ती जागा सोडायची. जर्मनमध्ये हिला ‘कोम्प्लिमेंट्सवाल’ म्हणत, म्हणजे मान राखण्यापुरती निवडणूक. घटनेनं ती सक्तीची केलेली नव्हती. पण जो हरला त्याच्याबद्दल ‘याला घरचेच विचारत नाहीत’ असं म्हणायला सगळे मोकळे. ऑक्सेनबाइन हरला.

त्याच वर्षी स्तेफानो फ्रान्शिनीही टिचिनोमध्ये हरला होता, आणि या प्रकरणातली सगळ्यात बोलकी तुलना मला हीच वाटते. फ्रान्शिनी तब्येतीनं खचलेला, पैशानं ओढग्रस्त. पण देशाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या, त्याची भाषाही न बोलणाऱ्या शाफहाउझेननं त्याला आपल्याकडून निवडून दिलं, आणि डिसेंबरमध्ये तो मंत्रिपदावर कायम राहिला. घरचा पराभव एकट्यानं माणसाला बुडवत नव्हता. फ्रान्शिनीला वाचवायला कुणीतरी पुढे आलं. ऑक्सेनबाइनला वाचवायला कुणी आलं नाही, कारण बर्नची खुर्ची ज्याला हवी होती तो माणूस तयार होता, तगडा होता, आणि आता दोन्ही बाजूंचं सरकार चालवून दाखवत होता.

दुसरी तुलना झुरिकची. फुरर मृत्यूपर्यंत, म्हणजे १८६१ पर्यंत, मंत्री राहिला. तो काही ऑक्सेनबाइनहून लोकप्रिय होता म्हणून नव्हे. झुरिकमधला तरुण, महत्त्वाकांक्षी, कायदा शिकलेला नेता होता आल्फ्रेड एशर, आणि एशरला मंत्रिपद नकोच होतं. त्याला रेल्वे हवी होती, पॉलिटेक्निक हवं होतं, पुढे १८५६ मध्ये त्यानं बँक काढली. फुररची खुर्ची सुरक्षित राहिली कारण झुरिकच्या श्टेम्पफ्लीला ती नको होती.

मतदानाची पद्धतही नेमकी होती. सात जागांसाठी एकत्र नव्हे, एकेका जागेसाठी वेगळं, गुप्त मतदान. सदस्य चिठ्ठीवर हवं ते नाव लिहिणार. निम्म्याहून अधिक मतं मिळेपर्यंत फेऱ्या. यात एका माणसाला बाजूला काढून पाडता येतं, बाकी सहांना धक्का न लावता. सरकार पडत नाही, धोरण बदलत नाही, फक्त एक माणूस जातो.

चूक कुणाची

श्टेम्पफ्लीला खलनायक करणं सोपं आहे, पण बरोबर नाही. तो मंत्री म्हणून दमदार निघाला. तीनदा राष्ट्राध्यक्ष झाला (हे पद तिथं मंत्र्यांपैकीच एकाला एका वर्षापुरतं मिळतं), रेल्वे देशाच्या मालकीची असावी म्हणून एशरशी भांडला, आणि १८७२ मध्ये अमेरिका-ब्रिटन यांच्यातल्या ‘अलाबामा’ जहाजाच्या वादात जिनिव्हाला पंच म्हणून बसला. संसदेनं नालायक माणूस निवडला असं कुणी म्हणू शकणार नाही.

चूक ऑक्सेनबाइनची होती, आणि ती भूमिकेची नव्हती. १८४८ मधली त्याची प्रत्येक मोठी भूमिका, दोन सभागृहांची, तटस्थतेची, मला बरोबर वाटते. पण त्यानं पद म्हणजेच पाठबळ असं धरलं. सहा वर्षं तो देशाचा मंत्री होता आणि त्या सहा वर्षांत त्याच्या गावोगावच्या मतदारांशी वर्तमानपत्रातून बोलत होता तो श्टेम्पफ्ली. मध्यम मार्गाला कुरण लागतं, खानावळ लागते, सभेला येणारी माणसं लागतात. नुसतं बरोबर असून त्या कुरणावर कुणी येत नाही.

नंतर

मंत्र्याला पेन्शन नव्हती. ४३ व्या वर्षी हातात काहीच नाही. आणि आठवड्यांतच, जानेवारी १८५५ मध्ये, नेपोलियन तिसऱ्यानं त्याला फ्रेंच सैन्यात ब्रिगेडियर जनरल केलं. नेपोलियन स्वतः थुरगाउमधल्या आरेनेनबेर्गला वाढलेला, थूनच्या लष्करी शाळेत द्युफूरच्या हाताखाली शिकलेला, बर्नच्या तोफखान्याचा मानद कॅप्टन राहिलेला. त्याला क्रिमियाच्या युद्धासाठी परदेशी सैनिकांची पलटण उभी करायची होती. ती रणांगणावर पोचण्याआधीच युद्ध संपलं.

या नेमणुकीनं ऑक्सेनबाइनचं नाव त्याच्या देशात जेवढं खराब झालं तेवढं पराभवानंही झालं नव्हतं. ज्या घटनेनं परदेशी राजांशी भाडोत्री सैनिकांचे करार बंद केले तिच्या मसुद्याच्या समितीचा अध्यक्ष परक्या सम्राटाचा गणवेश घालतो, हे लोकांना सहन झालं नाही. कायद्यानं तो चुकला नव्हता. बंदी कॅन्टन्सच्या करारांवर होती, आणि एकेकट्या माणसानं सरकारच्या परवानगीवाचून परक्या फौजेत भरती होण्यावर संसदेनं बंदी आणली ती १८५९ मध्ये. वकील म्हणून त्याला हा फरक नक्की ठाऊक होता. लोकांना त्या फरकाशी देणंघेणं नव्हतं, आणि मला ते समजतं. तरी एवढ्यावरून त्याची सगळी आधीची कमाई पुसून टाकणं, त्याला पुतळ्यांच्या आणि रस्त्यांच्या नावांच्या रांगेतून कित्येक दशकं बाहेर ठेवणं, हा अन्यायच होता. पहिल्या सातांपैकी फ्रान्शिनी आणि तो, या दोघांनाच राष्ट्राध्यक्षपद कधी मिळालं नाही.

तो नीडाउला परतला. पुढे कॅन्टनच्या राजकारणात पुराणमतवाद्यांच्या जवळ गेला, पण पूर्वीचं वजन पुन्हा आलं नाही. गावालगत पोर्ट इथल्या बेलव्यू या आपल्या घरात राहिला आणि ३ नोव्हेंबर १८९० ला तिथंच वारला.

तोवर आरेचं पाणी वळवण्याचं काम जवळजवळ पुरं होत आलं होतं. १८६८ मध्ये खोदाई सुरू झाली, १८७८ पासून नदी हागनेकच्या कालव्यातून बीलच्या तळ्यात पडू लागली. तळ्यातून ते पाणी बाहेर नेणारा मोठा कालवा नीडाउपासून ब्युरेनपर्यंत खणला गेला, आणि तो पोर्टवरूनच जातो. डॉक्टर श्नायडरबरोबर त्यानं ज्या पाण्याचा विचार पन्नास वर्षांपूर्वी केला होता, ते त्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर शांतपणे वाहत होतं.